‘अपूर्ण’ म्हणे!

गेले दोन महिने एका गोष्टीवरून चडफडतोय. घरच्यांना ऐकवून झालं, ऑफिसात चहाच्या टपरीवर दोघांना ऐकवून झालं (त्यांनी आता माझ्याबरोबर चहाला यायचं बंद केलंय). तेव्हा मंडळी, आता तुमची पाळी. ‘आम्हाला संगीतातलं ओ की ठो कळत नाही’ म्हणणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही. आरतीला टाळ्या वाजवता येत असल्या म्हणजे पुरे.

तर झालं असं. आमच्या आत्याची एक गाण्याची वही आहे. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी बांधणीची, पानं पिवळी पडलेली. तिनं तरुणपणी क्लासात शिकलेल्या बंदिशी त्यात भातखंडे पद्धतीनं लिहून ठेवल्यात. वर स्वर, खाली शब्द, त्याखाली तालाच्या खुणा: समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, एका मात्रेत दोन-चार स्वर असले की खाली छोटा कंस. अक्षर असं की छापलंय असं वाटावं. आता आत्याचा हात थरथरतो आणि वहीचे कोपरे हातात घेतले की तुटतात. म्हणून मी मोठ्या उत्साहानं जाहीर केलं की ही सगळी वही मी कॉम्प्युटरवर चढवणार. आमची भाची कीबोर्ड शिकलेली, तिला पाच रेषांचं पाश्चात्त्य नोटेशन फडाफडा वाचता येतं. शिवाय नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिलं की ते वाजतंही, म्हणजे बसमध्ये कानात घालून सराव. सगळंच सोयीचं.

पहिली बंदिश घेतली. तीनताल, मध्यलय. सॉफ्टवेअरनं पहिल्याच पायरीला विचारलं, टाइम सिग्नेचर कोणती? चौकटीत ४/४ आधीच भरून ठेवलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बार म्हणजे दोन उभ्या रेघांमधली जागा. वरचा आकडा म्हणजे एका बारमध्ये मात्रा किती, खालचा म्हणजे ती मात्रा कुठल्या चिन्हानं दाखवायची. आणि बारच्या पहिल्या मात्रेवर वजन, हा सर्वसाधारण संकेत. मी ठरवलं, एक आवर्तन म्हणजे एक बार. १६/४. म्हणजे रेघ आली की सम आली. हिशोब सोपा.

पण ही बंदिश नवव्या मात्रेपासून उठते. आठ मात्रांचा मुखडा आणि मग सम. तीनतालातल्या कितीतरी बंदिशी अशाच खालीपासून उठतात, त्यात नवल काही नाही. सॉफ्टवेअरला मात्र बार पहिल्या मात्रेपासून हवा. त्याच्यातही यासाठी सोय असते, तिला पिक-अप बार म्हणतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तरी ती सोय कुठल्या कपाटात ठेवलीय ते सापडलं नसतं. मग मी केला जुगाड. पहिल्या बारमध्ये आठ मात्रांची विश्रांतीची चिन्हं घातली, ती दिसू नयेत म्हणून लपवली, आणि नवव्यापासून मुखडा लिहिला. स्थायी संपते आठव्या मात्रेवर, तिथून परत मुखडा. शेवटच्या बारच्या उरलेल्या आठ मात्रा उगाच रिकाम्या दिसत होत्या, त्या कापून टाकल्या, पुनरावृत्तीचं चिन्ह दिलं आणि वाजवून पाहिलं. झकास! दुसऱ्यांदा मुखड्यावर येताना मध्ये जरा थांबतंय असं वाटलं, पण म्हटलं असू दे, पोरीला श्वास घ्यायला बरं.

तीन आठवडे भाचीनं त्यावर सराव केला. मग ती पहिल्यांदा खऱ्या तबल्यासमोर बसली. पहिलं आवर्तन छान झालं. दुसऱ्यांदा मुखडा घेतला आणि तिची सम पडली ती थेट खालीवर. तबल्याच्या सरांना वाटलं, चुकून झालं असेल. त्यांनी सावरून घेतलं. तिसऱ्यांदा पुन्हा तेच. मग सरांनी हात थांबवला आणि हसून विचारलं, “बाळा, सम कुठे ठेवून आलीस?” पोर रडकुंडीला आली. घरी येऊन मला म्हणाली, “मामा, कॉम्प्युटरवर तर बरोबर येत होतं!”

आणि खरंच बरोबर येत होतं. तीच तर गंमत आहे (त्या दिवशी गंमत वाटली नव्हती). हिशोब पाहा. स्थायी आठव्या मात्रेवर संपली. तबल्याची पुढची मात्रा नववी, म्हणजे मुखडा लगेच उचलायला हवा. पण माझ्या फाइलमध्ये तिथून पुन्हा पहिला बार सुरू होतो आणि त्यात मी लपवलेल्या आठ मात्रांची शांतता आहे. म्हणजे तबल्याच्या नऊ ते सोळा पोर गप्प. तिचा मुखडा सुरू होणार तबल्याच्या समेवर आणि तिची सम पडणार तबल्याच्या खालीवर. बरोब्बर अर्धं आवर्तन सरकलं. मग कॉम्प्युटरवर हे कळलं का नाही? कारण कॉम्प्युटरचा तो टिक टिक करणारा ठोका बारची रेघ दिसली की पुन्हा एकपासून मोजतो. बार छोटा असो, मोठा असो, कापलेला असो, रेघ आली की ‘टिंग’. त्याला बार माहीत आहे. आवर्तन म्हणजे काय, याचा त्याला पत्ता नाही.

आता तुम्ही म्हणाल, चूक तुझी, बिल सॉफ्टवेअरच्या नावावर का फाडतोस? चूक माझी, शंभर टक्के कबूल. पण ती चूक मला सुचली का, याचं उत्तर मी नंतरच्या दोन महिन्यांत शोधलं आणि तेच आज सांगायचंय. ती चूक मला सुचली कारण त्या चौकटीसमोर बसल्या बसल्या मी मान्य करून टाकलं की माझ्या बंदिशीला सुरुवातीला आठ मात्रा कमी आहेत. जे कमी आहे ते भरलं पाहिजे, म्हणून मी शांतता भरली. गाण्यात नसलेली शांतता!

पुढे ती पिक-अप बारची सोय सापडली. पहिला बार आठ मात्रांचा केला. शेवटचाही आठ. वाजवलं तर दुधात साखर. पण त्या दोन्ही बारच्या कोपऱ्यात सॉफ्टवेअरनं काय काढलं असेल? वजाचं चिन्ह. माहितीच्या चौकटीत शब्द होते ‘अनियमित’ आणि ‘अपूर्ण’. मंडळी, बंदिशीचा मुखडा, म्हणजे तिचा चेहरा, गायक ज्याच्याकडे फिरून फिरून येतो आणि श्रोते ज्याच्यावर माना डोलावतात तो मुखडा, त्याच्या डोक्यावर वजाचं चिन्ह! तिथे माझं डोकं फिरलं.

रात्री आत्याला फोन करून हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “अरे, ताल काय आपण गायला लागलो की सुरू होतो होय? तो चालूच असतो. आपण त्यात शिरतो.” “पण आत्या, तबला तर मुखडा झाल्यावर समेला येतो!” “तबला येत असेल. ताल आधीच आलेला असतो. तुझ्या मनात आठ मात्रा झाल्याशिवाय तू नववीवर उठशील कसा?”

संपला वाद. त्या आठ मात्रा हरवलेल्या नाहीत, कापलेल्या नाहीत, अपूर्ण तर नाहीतच. त्या गाण्याच्या आधी आहेत, आणि स्थायी फिरून आली की त्याच आठ मात्रांवर गाणं संपतं. शेवटच्या आठ आणि पहिल्या आठ मिळून सोळा. वर्तुळाला कुठूनही सुरुवात केली तरी ते वर्तुळच राहतं.

आता कोणी तरी म्हणणार, हे सगळं आपल्या संगीताचं कौतुक झालं, पाश्चात्त्य पद्धतीत गाणं पहिल्या मात्रेपासूनच सुरू होतं. साफ खोटं. वाढदिवसाला केक कापताना आपण सगळे जे इंग्रजी गाणं बेसूर होऊन म्हणतो, तेच घ्या. ते तीन मात्रांचं आहे आणि सुरू होतं तिसऱ्या मात्रेवर. टाळी ‘हॅपी’वर नाही पडत, ‘बर्थ’वर पडते. तालाचं ज्ञान शून्य असलेला माणूसही ती बरोब्बर तिथेच मारतो, पुढच्या वाढदिवसाला पडताळून पाहा. जर्मन भाषेत या उचलीला ‘आउफटाक्ट’ म्हणतात, म्हणजे वर जाणारा ठोका. ऑर्केस्ट्राच्या संचालकाचा हात आधी वर जातो, मग पहिल्या मात्रेवर खाली येतो. हात वर गेलाच नाही तर खाली कुठून येणार? युरोपात गाव्होत नावाचा जुना नाच आहे, तो रीतीनं बारच्या मध्यापासूनच उठतो. बाखच्या गाव्होत पाहा, अर्धा बार आधी सुरू होतात. तिथल्या कुठल्याही संगीतकारानं त्याला वजाचं चिन्ह दिलं नाही. उलट शेवटचा बार तेवढाच छोटा ठेवायचा, म्हणजे दोन्ही मिळून एक पूर्ण बार होतो, असा कागदावरचा जुना रिवाज आहे. आत्याचाच हिशोब झाला की तो! मोजणीही पहिल्या पूर्ण बारपासून करतात, उचलीला नंबर देत नाहीत. म्हणजे माझं भांडण पाश्चात्त्य संगीताशी नाही, पाच रेषांशीही नाही. माझं भांडण आहे त्या रिकाम्या चौकटीशी, जी आधी ४/४ भरून ठेवते आणि मग त्यात न बसणाऱ्याला अपूर्ण म्हणते. आणि त्याहून जास्त भांडण आपल्याशी आहे, कारण आपण ते ऐकून घेतो.

आपण कोण ऐकून घेणारे? शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, तो आपल्या देवगिरीच्या यादवांच्या पदरी असताना. तालाची चर्चा करताना तिथे ‘ग्रह’ नावाची गोष्ट येते: गाणं आणि ताल एकत्र सुरू होतात की एक आधी आणि दुसरा नंतर. सम, अतीत, अनागत अशी त्याला रीतसर नावं आहेत. तिघांनाही सारखा मान. त्यातला एक ‘नियमित’ आणि बाकीचे दोन ‘अनियमित’ अशी वाटणी नाही. सातशेहून जास्त वर्षांपूर्वी, दौलताबादच्या किल्ल्यात, हा प्रश्न विचारून आणि नावं देऊन झालाय.

आणि भातखंडे! त्यांच्यावर टीका करायची आपल्याकडे फॅशन आहे, की त्यांनी गाणं कागदावर बांधून टाकलं वगैरे. पण ‘क्रमिक पुस्तक मालिके’चा कुठलाही भाग काढा (सहा आहेत) आणि खालीपासून उठणारी तीनतालाची बंदिश पाहा. तिथे काय केलंय? ओळच खालीपासून सुरू केलीय. खालच्या खुणा फुली, दोन, शून्य, तीन अशा न येता शून्य, तीन, फुली, दोन अशा येतात. बस! रिकाम्या मात्रा नाहीत, लपवलेली विश्रांती नाही, वेगळ्या नावाचा बार नाही. गाणं जिथून उठतं तिथून ओळ उठते आणि सम ओळीच्या मध्यात दिमाखात बसलेली असते. वर्तुळ थोडं फिरवून ठेवलं, इतकंच. खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळात या माणसाला जे जमलं, ते आज माझ्या खिशातल्या फोनपेक्षा हजारपट बुद्धू यंत्रावर नव्हे, तर साध्या शिशाच्या टायपांवर जमलं होतं हो!

(दीर्घ श्वास. पाणी पिऊन आलो.)

आता दुसरा मुद्दा, कारण वहीतली दुसरी बंदिश रूपकमध्ये निघाली. सात मात्रा. सॉफ्टवेअरमध्ये ७/४ लिहिता येतं, अडचण नाही. पण अशा सगळ्या मापांना इंग्रजीत म्हणतात ‘ऑड मीटर’. ऑड या शब्दाचे दोन अर्थ आहेत, विषम संख्या आणि विचित्र. सात विषम आहे, मान्य. पण झपतालाचं १०/४ दिलं तरी त्याची गणना याच गटात होते. दहा कधीपासून विषम झाले? म्हणजे इथे अर्थ दुसराच आहे. विचित्र! ज्या झपतालावर आपल्याकडे क्लासातल्या पोरीसोरी मान हलवत गातात, तो विचित्र.

बरं, विचित्र कोणाला? चायकोव्हस्कीनं १८९३ मध्ये सहाव्या सिम्फनीचा दुसरा भाग पाच मात्रांत लिहिला, तो ऐकताना लोक नाचाच्या चालीवर डुलतात. डेव्ह ब्रूबेकच्या १९५९ च्या ‘टाइम आउट’ या तबकडीत पॉल डेस्मंडचं ‘टेक फाइव्ह’ पाच मात्रांत आहे आणि ते कॉफीच्या दुकानांपासून विमानतळापर्यंत वाजतं. त्याच तबकडीत नऊ मात्रांची दुसरी रचना आहे, दोन-दोन-दोन-तीन अशी. तो विभाग ब्रूबेकनं इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडून ऐकला होता. त्या वादकांना कुणी सांगितलं असतं की तुमचं माप विचित्र आहे, तर त्यांनी त्याला चहा पाजून घरी पाठवलं असतं.

खरी गोम संख्येत नाहीच, विभागात आहे. रूपक म्हणजे नुसते सात नाहीत. तीं तीं ना, धीं ना, धीं ना: तीन-दोन-दोन. झपताल म्हणजे नुसते दहा नाहीत, दोन-तीन-दोन-तीन. दीपचंदी आणि धमार दोघेही चौदा मात्रांचे, पण दीपचंदी तीन-चार-तीन-चार आणि धमार पाच-दोन-तीन-चार. ज्याला दोन्हींसाठी १४/४ एवढंच लिहून चालतं त्याला दोन सख्ख्या शेजाऱ्यांची घरं नुसत्या चौरस फुटांवरून ओळखायला सांगा. मी वापरलेल्या सॉफ्टवेअरनं सात मात्रांचे स्वर स्वतःच्या मनानं दोन-दोन-तीन असे जोडून दाखवले. कोणी विचारलं होतं? बार्तोकनं ‘मिक्रोकोस्मोस’च्या सहाव्या भागात बल्गेरियन तालातले सहा नाच दिलेत, ते १९४० मध्ये छापून आले. त्यातल्या पहिल्या नाचाला त्यानं नुसतं ९/८ लिहिलं नाही, टाइम सिग्नेचरमध्येच ४+२+३ असा विभाग छापला. दुसऱ्याला २+२+३. म्हणजे हेही कागदावर होऊन गेलेलं आहे. कागदानं कधीच नाही म्हटलं नव्हतं.

आणि रूपकची शेवटची गंमत. त्याची पहिली मात्रा ही सम आणि तीच खाली. म्हणजे जिथे यायचं तिथे टाळी नाही, हात पालथा. तबल्यावरही ‘तीं’, बायाँची गुंज नाही. कॉम्प्युटरचा ठोका मात्र पहिल्या मात्रेवर सगळ्यात जोरात ‘टिंग’! सगळ्या रूपक तालाचं सौंदर्य त्या न दिलेल्या ठोक्यात आहे आणि यंत्र नेमकं तिथेच घण घालतं. हे ऐकत सराव करणाऱ्या मुलाला रूपक कधी कळेल? कळेल, तबलजीसमोर बसल्यावर, रडकुंडीला येऊन.

निष्पक्ष राहायचं तर हेही सांगायला हवं की सगळी सॉफ्टवेअर एका माळेची मणी नाहीत. लिलीपाँडमध्ये (१९९६ पासून आहे आणि फुकट आहे) पहिल्या पूर्ण बारपर्यंत किती संगीत आहे एवढंच लिहायचं असतं. काय कमी आहे हे विचारत नाहीत, सम किती लांब आहे ते विचारतात. हे अगदी आपल्या गायकासारखं झालं! डोरिकोमध्ये (२०१६) टाइम सिग्नेचरपुढे स्वल्पविराम देऊन उचलीच्या मात्रा लिहिल्या की झालं, आणि विभाग चौकोनी कंसात २+२+३ असे सांगता येतात. म्यूझस्कोअरमध्ये नवी फाइल करतानाच पिक-अप बारची खूण करता येते आणि एकेका बारची नाममात्र लांबी आणि प्रत्यक्ष लांबी वेगवेगळी ठेवता येते. म्हणजे सोयी आहेत. वाकायला यंत्र तयार आहे. प्रश्न आहे तो आपण त्याला वाकवतो की आपणच वाकतो.

आणि आपण वाकतो, मंडळी. मी त्या पहिल्या फजितीनंतर इकडून तिकडून आलेली, ओळखीच्यांनी पाठवलेली, क्लासांमधून वाटलेली टाइप केलेली नोटेशन्स जमवून पाहिली. खालीपासून उठणारी बंदिश सरळ एकपासून लिहिलेली सापडली. मुखड्याआधी विश्रांती भरलेली सापडली, अगदी माझ्यासारखी. दादरा आणि रूपक दोन्ही तीन-तीनच्या बारमध्ये कोंबून उरलेली एक मात्रा कुठेतरी चिकटवलेलीही सापडली. विचारलं तर तीन उत्तरं मिळतात.

पहिलं उत्तर: “सोय म्हणून तसं लिहिलंय, गाणाऱ्याला कळतंच.” ज्याला कळतं त्याला कागद लागतोच कशाला? कागद लागतो तो ज्याला अजून कळलेलं नाही त्याला. नेमकं त्याच्याच हातात आपण चुकीचा कागद देतो.

दुसरं उत्तर: “मुळात आपलं संगीत पाश्चात्त्य नोटेशनमध्ये लिहायचंच कशाला?” हा मुद्दा मला निम्मा पटतो. मींड, श्रुती, आंदोलन यांतलं काही त्या पाच रेषांवर उतरत नाही. पण सम कुठे आहे हे उतरतं! ते लिहायला रेघ पुरते. जे उतरत नाही त्याचं कारण पुढे करून जे उतरतं तेही चुकवायचं, हे म्हणजे पाऊस येणारच आहे म्हणून छत्री असून भिजणं. आणि साता समुद्रापार वाढलेली आपल्याच घरातली मुलं शाळेत पाच रेषाच शिकतात, त्यांना आत्याची वही द्यायची असेल तर मधला पूल कोणीतरी बांधायला हवा. पूल बांधायचा तर धड बांधावा.

तिसरं उत्तर सगळ्यात वजनदार: “गाणं गुरूकडून कानानं शिकावं, कागदावरून नाही.” एकदम मान्य. पण आता मूल कानानं कशावरून शिकतंय ते पाहा की! ते त्या फाइलवरूनच शिकतंय. कानात घातलेल्या यंत्रावरून. कागद मुका होता, तो चुकला तर गुरू दुरुस्त करायचे. ही फाइल बोलते, मोजते, ‘टिंग’ करते आणि दिवसातून वीस वेळा तीच चूक न कंटाळता शिकवते. कानाची बाजू घेणाऱ्यांनीच फाइलीबद्दल सगळ्यात जास्त जागरूक असायला हवं.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी वही आहे आणि ती टंकायचं मनात आहे, त्यांना अनुभवी मूर्खाचा सल्ला. एक, गाणं जिथून उठतं तिथूनच लिहा, आधी शांतता भरू नका. दोन, बारची रेघ समेला द्या. तीन, उचलीत जितक्या मात्रा आहेत तितक्या शेवटच्या बारमधून कमी करा, आणि दोन्ही मिळून एक आवर्तन होतं का ते बोटांवर मोजा. चार, विभाग लिहा: ३+२+२, २+३+२+३. जमलं तर फुली आणि शून्यही खाली साधा मजकूर म्हणून टाका. पाच, यंत्राचा ठोका बंद करा आणि स्वतः हातानं टाळी-खाली देत दोन वेळा, हो, निदान दोन वेळा, पुनरावृत्तीसकट ऐका. पहिल्या फेरीत काही कळत नाही, सगळं दुसऱ्या फेरीला उघडं पडतं. (हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर!) सहा, मूळ वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवा. फिनाले नावाचं नोटेशनचं सॉफ्टवेअर १९८८ पासून होतं, अनेकांची आयुष्याची कामं त्यात होती, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीनं ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. भातखंड्यांचं पुस्तक अजून उघडतं. आत्याची वहीही उघडते, जरा जपून उघडावी लागते इतकंच.

असो. फार झालं. बंदिशीची फाइल मी पुन्हा लिहिली. भाचीनं मागची सवय मोडायला दोन आठवडे घेतले, शिकायला लागले होते त्यापेक्षा मोडायला जास्त त्रास झाला असं ती म्हणाली. गेल्या रविवारी ती पुन्हा तबल्यासमोर बसली. मी दाराशी उभा राहून बोटांवर मोजत होतो. स्थायी आठव्या मात्रेवर आली, क्षणभरही न थांबता तिनं मुखडा उचलला, आणि सरांचा हात आणि तिचा स्वर एकाच जागी पडले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उगाचच चप्पल शोधत बाहेर गेलो.

ती वजाची चिन्हं त्या फाइलमध्ये अजून आहेत. ती छापताना उमटत नाहीत म्हणे. मला मात्र माहीत आहे ती कुठे आहेत.

(आत्या, ताईनं हे तुला वाचून दाखवलं असेल तर: वहीचं बेचाळिसावं पान लागत नाहीये. धमार आहे एवढं कळतंय, उचल कितव्या मात्रेपासून ते शाईच्या डागाखाली गेलंय. उद्या रात्री फोन करतो. गाऊन दाखव.)